घोड्यासाठी पागा निवडताना: तुम्ही नसता त्या तासांची चौकशी

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस बघा. ओठ उचलून दात बघतो, अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतो, चारही पाय सारखे पांढरे आहेत का ते वाकून बघतो, रेवाल ही खास चाल चालवून दाखवायला लावतो. एका जनावरामागे दोन-दोन दिवस फिरतो. आणि हाच माणूस घोडा ठेवायचा कुठे, हे मात्र एका फोनवर ठरवतो. "जागा आहे ना? महिन्याचं किती? बरं, रविवारी आणतो."

मीही तसंच केलं होतं. पुण्याच्या पश्चिमेला एक पागा होती. पांढरं रंगवलेलं कुंपण, खोगिरांची वेगळी खोली, आल्या-आल्या हातात चहा. मी दर शनिवारी-रविवारी सकाळी जायचे. रेवा, म्हणजे माझी मारवाडी घोडी, खरारा करून चकचकीत उभी असायची. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की ती दाराची कड वरच्या दातांत धरते, मान ताणते आणि 'ग्ग' असा आवाज करत हवा ओढते. एका बुधवारी रात्री दहाला न सांगता गेले. गव्हाण चाटूनपुसून साफ. शेवटचं गवत संध्याकाळी साडेपाचला टाकलेलं आणि पुढचं सकाळी सातला. साडेतेरा तास घोडी रिकाम्या पोटी भिंतीकडे बघत उभी. कोणी दुष्टपणाने केलं नव्हतं. त्या पागेची वेळच तशी होती आणि मी ती कधी विचारली नव्हती.

म्हणून या लेखातला प्रत्येक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतो: आठवड्याचे 168 तास असतात, त्यातले तुम्ही पागेत असता जेमतेम सहा-सात. उरलेल्या वेळेत तिथे काय चालतं?

आधी स्वतःचं ठरवा

पागा शोधायला निघण्याआधी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. तुम्ही आठवड्यातून खरोखर किती वेळा जाणार (उत्साहात नव्हे, मार्चअखेरीच्या आठवड्यात), घोड्याचं काम काय, आणि सांभाळ कुठल्या प्रकारचा हवा.

आपल्याकडे ढोबळमानाने तीन प्रकार चालतात. एक पूर्ण सांभाळ: जागा, चारा, दाणा, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा माणूस) सगळं पागेचं. दुसरा, जागा आणि मोतद्दार पागेचा, चारा-दाणा तुमचा. तिसरा, फक्त जागा, बाकी सगळं तुम्ही बघायचं. तिसरा प्रकार स्वस्त वाटतो. पण तुम्ही नोकरी करत असाल आणि पागा 30 किलोमीटरवर असेल, तर तो विचार सोडूनच द्या.

पुण्याच्या आसपास शोधत असाल तर आणखी एक निवड आपोआप समोर येते. पश्चिमेला मुळशी-लोणावळ्याकडे पाऊस, पूर्वेला सासवड-पुरंदरकडे टँकर. पश्चिमेच्या पागांत जून ते सप्टेंबर खूर ओले राहतात, तळवे कुजतात, गवताला बुरशी धरते. पूर्वेकडे हवा कोरडी, खुरांना चांगली, पण एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की पाणी कुठून येतं हे विचारावं लागतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथे ठाण, म्हणजे घोडा राहतो ती जागा, रात्री बंद होतं का ते बघा, बरोबर शिंगरू असेल तर नक्कीच.

तीन फेऱ्या

ठरवून रविवारी अकराला जाल तर तुम्हाला पाहुण्यांसाठी आवरलेलं घर दिसेल. त्यामुळे पहिली फेरी तशी मारा, मालकाशी बोला, आणि निघताना विचारा, "मी एखाद्या दिवशी पहाटे किंवा रात्री येऊन गेले तर चालेल का?" उत्तरापेक्षा उत्तराच्या आधीची शांतता ऐका.

दुसरी फेरी पहाटे साडेपाच-सहाला. या वेळी रात्र कशी गेली ते जमिनीवर लिहिलेलं असतं. गव्हाणीत थोडं तरी गवत उरलेलं दिसलं तर उत्तम, कारण रात्रभर तोंड चालू होतं असा त्याचा अर्थ. लीद किती ठिकाणी पडली आहे ते बघा. एकही गोळा नसेल आणि अजून झाडलोट झालेली नसेल, तर काहीतरी बिनसलं आहे. खाली बसा. खरंच, घोडा आडवा झाल्यावर त्याचं नाक जिथे असतं तिथवर खाली जा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया आहे, आणि घोडा रात्रभर तोच ओढत असतो. उभ्याने हा वास अनेकदा कळतही नाही.

तिसरी फेरी पावसात, किंवा पावसाळा नसेल तर रात्री नऊनंतर. सासवडच्या बाजूला मी अशीच एका पागेत गेले होते. म्हातारे मोतद्दार कंदिलासारखा एक बल्ब लावून बसले होते.

"मामा, शेवटचं गवत किती वाजता टाकता?"

"नऊला टाकतो ताई. मग बाराला उठतोच, म्हातारपणाची झोप. तेव्हा अजून एकेक पेंडी."

"आणि एखाद्यानं खाल्लंच नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "न खाणारं घोडं बाराला दिसलं तर पहाटपर्यंत बसून राहायचं त्याच्याजवळ. दुसरं काय."

त्या पागेला रंग नव्हता. रेवा आता तिथेच आहे.

घोडं कुठे पेंड खातं

चाऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या साधारण 1.5 ते 2.5 टक्के कोरडा चारा लागतो. 400 किलोच्या घोड्याला 2 टक्क्यांनी 8 किलो, म्हणजे महिन्याला 240 किलो सुकं गवत. कामाप्रमाणे चंदी, म्हणजे दाणा, वेगळी. आता तुमच्या भागातला गवताचा भाव काढा, त्यात चंदी, नालबंद आणि मोतद्दाराच्या पगाराचा वाटा मिळवा. पागा मागते ती रक्कम या बेरजेहून कमी असेल तर खूश होऊ नका. फरक कोणीतरी भरतोच: एक तर घोडा, नाहीतर मोतद्दार. बेरजेहून पुष्कळ जास्त असेल तर तुम्ही कुंपणाच्या रंगाचे पैसे भरताय, ते भरायचे की नाही ही तुमची मर्जी.

दुसरा प्रश्न वेळेचा. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल सतत झरत राहतं, खाणं चालू असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे 16-16 तास चरतो तो हावरटपणाने नव्हे, त्याची घडणच तशी आहे. दिवसातून दोनदा भरपूर चंदी आणि मध्ये उपास, ही पद्धत जठरात व्रण करते, पोटशूळ आणते आणि रेवासारख्या हवा गिळायच्या खोडी लावते. त्या खोडी मग चारा वाढवल्यावरही पूर्ण सुटत नाहीत. चारा किमान चार वेळा, त्यात शेवटचा उशिरा रात्री, आणि दोन चाऱ्यांमध्ये फार मोठी पोकळी नाही, एवढं पदरात पाडून घ्या.

तिसरा प्रश्न: नेमकं काय घालता? इथे मालक "सगळं चांगलंच घालतो" म्हणतात, तेव्हा सरळ चाऱ्याच्या खोलीत जा.

गंजीच्या वरचं गवत बघू नका, मधून मूठभर ओढा. हिरवट-पिवळसर, गोडसर वासाचं हवं. झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ती बुरशी. अशा गवताने घोडा वर्षभर खोकत राहतो. लसूणघास चांगला, पण त्यावरच घोडा जगवत असतील तर नाही. कडबा चालतो, पण तोही एकटा नको.

हिरव्या चाऱ्याचं विचाराल तर बरेच जण अभिमानाने नेपियर, म्हणजे हत्तीगवताचा तुकडा दाखवतात. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. वर गव्हाचा कोंडा रोज घालत असतील तर फॉस्फरस वाढून आणखीच तोल जातो. मग हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं, जबड्याची आणि नाकाजवळची हाडं फुगतात, घोडा लंगडतो आणि सगळे खुरात दोष शोधत बसतात. कोवळी कडवळ गायीला प्रिय असली तरी घोड्याला नको. ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यावर चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह आणि मागच्या पायांचा तोल जाणं हा जुना, ओळखीचा आजार आहे.

आणि आता 'घोडं कुठे पेंड खातं' ही म्हण अक्षरशः खरी होते. पागेच्या शेजारी गोठा किंवा पोल्ट्री असेल, तर घोड्यांची चंदी आणि त्यांचं खाद्य एकाच खोलीत, एकाच मापट्याने दिलं जातं का ते बघा. काही पशुखाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं मिसळलेली असतात. गायीला ती पचतात. घोड्याचं हृदय थोड्या मात्रेतही कायमचं निकामी होऊ शकतं. यावर उतारा नाही. पोतं संपलं म्हणून मोतद्दाराने शेजारून दोन घमेली आणली, एवढ्यावर घोडा जाऊ शकतो. चंदीची पोती वेगळ्या खोलीत, उंदीर शिरणार नाही अशा पिंपात असणारी पागा मला एकदम आवडून जाते.

ठाण

एका घोड्यासाठी 12 बाय 12 फुटांचं मोकळं ठाण चांगलं. लहानखुऱ्या तट्टाला थोडं कमी चालतं. बऱ्याच ठिकाणी अजून अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागून दोर) बांधून घोडे ओळीत उभे करतात. काही तास ठीक, पण रात्रंदिवस नको. घोडा आडवा पडून, पाय पसरून झोपू शकला पाहिजे.

जमीन मुरमाची असेल तर ती दरवर्षी खणून नवी भरतात का, हे विचारा. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर रबरी मॅट हवी, नुसत्या ओल्या फरशीवर उठताना घोडा घसरतो. पत्र्याचं छप्पर फार खाली असेल तर एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता आत उभं राहून बघा, उत्तर मिळेल. भिंतींवरून तळहात फिरवा. खिळा, तारेचं टोक, फुटलेला पत्रा तुम्हाला लागेल तसाच घोड्यालाही लागणार. कूलरच्या आणि मोटारीच्या वायरी ओल्या जमिनीवरून नेलेल्या दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

मोकळं सोडायला मैदान आहे का, आणि रोज किती तास सोडतात? "हवं तेव्हा सोडतो" याचा अर्थ बहुधा सोडत नाहीत. मैदानाला काटेरी तार असेल तर माझ्या लेखी विषय संपला. घाबरलेला घोडा तार बघत नाही.

पाण्याचं थोडक्यात: 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणि कामावर आणखी. टाकीत हात घालून तळाशी शेवाळ आहे का बघा, आणि रात्री ठाणात पाणी असतं का ते विचारा.

मोतद्दार

पागेचा मालक तुम्हाला चहा देईल. घोडा सांभाळणार मोतद्दार. एकाकडे किती घोडी आहेत? पाच-सहाच्या पुढे गेलं की खरारा फक्त मालक येणाऱ्या घोड्याला होतो. तो राहतो कुठे? रात्री पागेत कोणी झोपतं का? तो गावी गेला की बदली कोण? पगार वेळेवर होतो का, हे त्याला विचारू नका, पण तो इथे किती वर्षं आहे हे जरूर विचारा. दर चार महिन्यांनी नवा माणूस असेल तर कारण तुम्हाला कळलंच.

एक साधी परीक्षा आहे. मोतद्दार ठाणात शिरतो तेव्हा घोड्याच्या कानांकडे बघा. कान पुढे येतात, नाक त्याच्या खिशाकडे जातं? की कान मागे चिकटतात आणि मागची बाजू त्याच्याकडे वळते? मारवाडीचे कान तर टोकाला जुळणारे, दुरूनही वाचता येतात.

नालबंद कोण येतो, किती दिवसांनी? चार ते सहा आठवड्यांनी खूर कापले गेले पाहिजेत, नाल असो वा नसो. चार-पाच घोड्यांचे खूर स्वतः उचलून बघा. तळव्यातल्या मऊ, त्रिकोणी भागाच्या खाचांतून काळी, कुजकट घाण निघत असेल तर रोजची साफसफाई होत नाही.

रोगराई

तुमच्याकडे घोड्याच्या तपासण्या मागणारी पागा कटकटी वाटेल. तीच पागा हवी. जिने तुमच्या घोड्याचा कागद मागितला नाही, तिने शेजारच्या घोड्याचाही मागितलेला नाही.

ग्लँडर्सची तपासणी आधी. हा जिवाणूंचा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावर 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली मारावंच लागतं. पशुसंवर्धन विभागामार्फत रक्ताचा नमुना जातो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही यातली देशातली मुख्य संस्था. सोबत सर्रासाठी रक्त तपासून घ्या. तो मोठ्या चावऱ्या माशांमार्फत पसरतो, येऊन-जाऊन ताप, पायांवर सूज आणि झडत जाणारं अंग ही त्याची खूण. धनुर्वाताची लस प्रत्येक घोड्याला हवीच. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि लीद असते तिथे त्याचे जिवाणू असतातच.

नवीन घोडा आला की दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायची जागा आहे का? नसेल तर एका बाजारातून आलेलं एक शेंबडं शिंगरू सगळ्या पागेला खोकायला लावतं.

गायी-म्हशी आणि घोडे एकाच आवारात असतील तर कुमरीबद्दल विचारा. गुरांच्या पोटात राहणारा एक कृमी डासांमार्फत घोड्यात शिरतो, वाट चुकून मज्जारज्जूत पोचतो आणि घोड्याची कंबर लुळी पडते. डबकी, उघडी टाकी, उघडा उकिरडा म्हणजे डास आणि माश्या. उकिरड्याचाच दुसरा प्रसाद म्हणजे बरसाती: माश्या जखमेवर कृमींच्या अळ्या सोडतात आणि पावसाळाभर ती जखम भरत नाही. लीद रोज उचलून कुठे टाकतात, हा प्रश्न म्हणून नुसता स्वच्छतेचा नाही.

रात्री दोनला पोट दुखलं तर

हा प्रश्न प्रत्येक पागेत याच शब्दांत विचारा. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो, आणि तो रात्रीही गाठू शकतो. योग्य उत्तरात नावं असतात: अमुक डॉक्टर, ते इतक्या अंतरावर, ते नसले तर तमुक. मोतद्दाराला मालकाला न विचारता डॉक्टर बोलवायची मुभा आहे का? घोडा चढवता येईल असा टेम्पो रात्री कोणाकडे मिळतो? तुम्ही पुणे-साताऱ्याच्या मध्ये असाल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत असाल तर परळ, तिथवर किती वेळ लागतो ते एकदा गाडीने जाऊन मोजा.

पागेत थर्मामीटर आहे का बघा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 99 ते 101 फॅरनहाइट, नाडी मिनिटाला 28 ते 44. हे आकडे भिंतीवर खडूने लिहिलेले दिसले तर पागेला नमस्कार करा.

कागद

लग्नसराईत तुमची घोडी वरातीला जाणार नाही, आणि शिकाऊ मुलांना तिच्यावर बसवलं जाणार नाही, हे लेखी घ्या. ही भीती काल्पनिक नाही. डीजेच्या भिंतीसमोर एक रात्र उभी राहिलेली घोडी पुढे महिनाभर ट्रॅक्टरच्या आवाजाला बुजते आणि तुम्हाला कारण कोणी सांगत नाही. घोडी असेल तर पागेत नर आहेत का, मध्ये कुंपण कसलं आहे, ती माजावर आली की काय करतात, हेही लिहा, नाहीतर अकरा महिन्यांनी शिंगरू दाखल. डॉक्टरचा खर्च किती रकमेपर्यंत न विचारता करायचा, सोडून जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, खोगीर-लगाम हरवलं तर कोणाचं, एवढं एका पानात बसतं.

नेताना

जुन्या पागेतलं गवत आणि चंदी किमान दहा दिवस पुरेल एवढी बरोबर न्या आणि नवं हळूहळू मिसळत जा. चारा एकदम बदलला तर पहिल्याच आठवड्यात पोट बिघडेल आणि दोष नव्या पागेला जाईल. शक्यतो सकाळी पोचा, म्हणजे अंधार पडायच्या आत तिला शेजारी कोण आहे ते कळेल. पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा तरी वेळ न सांगता जा. रेवाला हलवलं तेव्हा मी तिसऱ्या रात्री अकराला गेले होते. मामा जागेच होते. म्हणाले, "पाणी कमी पितीय ताई, जुन्या पाण्याची सवय असंल. बादलीत थोडा गूळ टाकलाय." बादली बघितली, अर्धी रिकामी होती.